कुंकू लावलेली पट्टी

आमचे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. शेजारच्या काकांनी साधा स्क्रू ड्रायव्हर मागितला तरी बाबा स्वतः उठून त्यांच्याकडे जायचे, स्क्रू पिळून द्यायचे आणि ड्रायव्हर घेऊन परत यायचे. "हत्याराला हाताची सवय असते," म्हणायचे. आम्ही हसायचो. पण मीही तशीच निघाले. माझे ब्रश, माझं कटर कुणी उचललं की माझं डोकं फिरायचं. सगळे म्हणायचे, ही बापावर गेली. तेव्हा ते ऐकून मला बरं वाटायचं. आज कुणी म्हटलं तर मी विषय बदलते.

दोन हजार साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून मी शालिमारजवळच्या एका प्रेसमध्ये लागले होते. दिवसभर लग्नपत्रिका आणि द्राक्षांच्या खोक्यांची लेबलं. जेवणाच्या सुट्टीत मात्र मी प्रेसच्या कॉम्प्युटरवर थ्रीडी शिकत होते, पुस्तकातून, एकटी, धडपडत. तो कॉम्प्युटर इतका मठ्ठ होता की एक चेंडू टप्पा घेताना बघायचा तर डबा खाऊन व्हायचा. मला माझं स्वतःचं मशीन हवं होतं. बाबा म्हणाले, "घे की. घरी बसून पत्रिका करता येतील." त्या वाक्यातल्या 'घरी बसून'कडे मी लक्षच दिलं नाही. मला फक्त 'घे की' ऐकू आलं.

दुकानात तयार मशीन मिळत होतं, पण आमच्यासारखे लोक सुटे भाग निवडून बांधून घ्यायचे. स्वस्तही पडायचं आणि हवं तसं व्हायचं. त्यातून माझा आतेभाऊ कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मशीनं बांधायच्याच कामाला होता. घरचा माणूस म्हटल्यावर काय, सगळं त्याच्या गळ्यात. तो माझ्याहून वर्षभरानं मोठा, गेमचं भयंकर वेड. धाडधाड गोळ्या झाडायच्या आणि शेजारच्यांची झोपमोड करायची, हा त्याचा रविवार. भाग निवडायला तो आमच्याकडे आला की जेवणाच्या टेबलावर आमची जुंपायची.

"मोठं ग्राफिक्स कार्ड घे. रॅम काय, नंतरही वाढवता येतो," तो म्हणायचा.

"ते तुझ्या गेमला. माझ्या कामाला आधी रॅम लागतो."

"डोंबल लागतो! अगं, कार्ड भारी असलं ना, की धूर येतो, झाडांची पानं हलतात."

"मला धूर नकोय. मला माझा सीन पूर्ण उघडायला हवाय."

रॅम म्हणजे कॉम्प्युटरचा ओटा. आतमध्ये कपाटं कितीही मोठी असोत, एका वेळी ओट्यावर जेवढं मांडता येईल तेवढाच स्वयंपाक. हे मी आईला असंच सांगितलं होतं आणि तिला पटलंही होतं. दुकानदाराला मात्र पटेना. "मॅडम, पत्रिकेला एवढा रॅम कशाला? फुकट जाईल." मी म्हटलं, जाऊ दे फुकट, माझा आहे ना. शेवटी हार्ड डिस्क लहान घेतली, स्पीकर घेतलेच नाहीत, आणि रॅमच्या दोन चांगल्या पट्ट्या मुंबईहून मागवल्या. कार्ड मधल्या किमतीचं. आतेभाऊ फुरंगटला, पण म्हणाला, "जीव ओतून बांधतो बघ." आणि खरंच, त्यानं एकेक भाग असा निवडला की जणू स्वतःच्या बहिणीसाठी स्थळ बघतोय. हे मी त्याच्या बाजूनं सांगते आहे, कारण पुढे त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

भाग आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा म्हणजे वर्षातला मोठा सण. दिवाळीत बाबा एकवेळ नवा शर्ट घालायचे नाहीत, पण खंडेनवमीला घालायचे. पेटीतली हत्यारं काढून, पुसून, तेल लावून मांडायची, हे काम लहानपणापासून माझं. बाबांनी कॉम्प्युटरचे भाग बघितले आणि म्हणाले, "आज बांधू नका. उद्या पूजा करून मग बांधा. एकदा डब्यात गेलं की कुठं हात लावणार?"

पाटावर एका बाजूला मायक्रोमीटर, व्हर्नियर, पाने, कानस. दुसऱ्या बाजूला मदरबोर्ड, प्रोसेसर, कार्ड आणि रॅमच्या दोन पट्ट्या. बाबांनी पळी उचलली मात्र, आतेभाऊ किंचाळला, "मामा, पाणी नको! सगळं जाईल!" बाबा म्हणाले, "भाचेबुवा, मी अडाणी नाही." त्यांनी कुंकवात बोट टेकवलं, जेमतेम ओलं, आणि प्रत्येक भागावर जिथे कागदी लेबल होतं तिथेच एक ठिपका दिला. पट्ट्यांच्या सोनेरी दातांना कुणी हात लावू नये म्हणून आतेभाऊ अक्षरशः आडवा पडला होता. आई हसून हसून भिंतीला टेकली. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ही तुझी हत्यारं." मला भरून आलं. एवढं गंभीरपणे माझ्या कामाबद्दल कुणी कधी बोललंच नव्हतं.

मशीन सुरू झालं आणि मी पत्रिका बाजूला ठेवून माझी फिल्म करायला घेतली. एका मिनिटाची. रिकाम्या कारखान्यात एक जुनं लेथ मशीन आपोआप फिरायला लागतं, लोखंडाचा कीस निघत जातो, त्याच्या वेटोळ्यांवर वेटोळी चढतात आणि शेवटी त्या किसाचं झाड होतं, एवढंच. ते मशीन बाबांचं होतं. लहानपणी खंडेनवमीला कारखान्यात घरच्या माणसांना सोडायचे, तेव्हा मी ते बघितलं होतं, त्यावरचा झेंडूचा हारसुद्धा मला आठवत होता. किसाचं एकेक वेटोळं म्हणजे हजारो बारीक तुकडे, म्हणून तर मला तो मोठा ओटा हवा होता. काम करताना पडद्यावर नुसती राखाडी जाळी दिसायची; खरं चित्र मशीन शेवटी तासन्तास चालून तयार करायचं. बाबा मागून जाताना बघायचे आणि म्हणायचे, "काय ते कोळ्याचं घर विणत बसलीस!" मी म्हणायची, पूर्ण झालं की दाखवीन. मला त्यांना पूर्ण झाल्यावरच दाखवायचं होतं.

काही स्थिर चित्रं तयार झाली तेव्हा मी ती सीडीवर भरून पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओला पाठवली. फेब्रुवारीत त्यांचा घरी फोन आला. उचलला बाबांनीच आणि मला दिला. एक बाई होत्या. एप्रिलअखेर पूर्ण फिल्म पाठवा, आवडली तर जूनपासून कामावर या. मी फोन ठेवला आणि घरभर नाचले. आई म्हणाली, "पुणं काय लांब नाही." बाबा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे निम्मं 'हो' असायचं. मी तसंच धरलं.

मार्चमध्ये एक दिवस मी प्रेसमधून आले तर आई म्हणाली, तुझा आतेभाऊ येऊन गेला, ऊन वाढतंय म्हणून बाबांनीच मशीनची धूळ काढायला बोलावलं होतं. मला किती कौतुक वाटलं! म्हटलं, बघा, बाबांना माझ्या फिल्मची काळजी. डब्याला त्यानं वॉरंटीचं नवं चिकट सील लावलं होतं आणि निरोप ठेवला होता की हे तोडू नकोस, नाहीतर दुकान हात वर करेल.

त्यानंतर काय माशी शिंकली कोण जाणे. पत्रिका करायला बसलं तर मशीन गुणी बाळासारखं चालायचं. फिल्म करायला लावली की थोडा वेळ चालायचं आणि पडदा निळा. केलेलं सगळं पाण्यात. परत पहिल्यापासून. चालू करताना पडद्यावर रॅमचा आकडा मोजला जातो, तो मी दर वेळी डोळ्यांत तेल घालून बघायची. आकडा बरोबर. मग खोट कुठे? आतेभाऊ यायचा, दोन बटणं दाबायचा, एकदा म्हणाला ऊन, एकदा म्हणाला व्होल्टेज, एकदा म्हणाला तुझा सीनच जड आहे, झाड काढून टाक. मी पंखा मशीनकडे वळवला आणि स्वतः घामात बसले. वेटोळी कमी केली. झाडाच्या फांद्या छाटल्या. तरी तेच. शेवटी शेवटी मी पडद्याकडे बघायलाच घाबरायची.

आणि बाबा रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायचे, "झालं का गं तुझं?" मी त्यांना सगळं सांगायची. कुठपर्यंत गेलं, कुठं अडकलं, आता काय करून बघणार आहे. ते नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, "मशीनवर फार लोड देऊ नये," म्हणायचे आणि बशीत चहा ओतायचे. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. न विचारते तर चाललं असतं ना! विचारायचं कशाला?

एप्रिल संपला. मी पुण्याला फोन करून सांगितलं की जमलं नाही. बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, होतं असं, पुढे कधी जागा निघाली तर बघू. मी फोन ठेवला आणि ठरवून टाकलं की खोट माझ्यात आहे. पुस्तकातून शिकलेली मी, मला काय कळतं थ्रीडीतलं. लोक रीतसर क्लास करतात, मोठ्या गावात राहतात, त्यांना जमतं. मी फिल्म एका कोपऱ्यात टाकली आणि पत्रिका करायला लागले. निफाडपासून चांदवडपर्यंत माझ्या पत्रिका गेल्या. आत्यानं स्थळं आणायला सुरुवात केली. मी फोटोही काढून दिला. कशाला नाही म्हणायचं, असं झालं होतं.

पुढच्या खंडेनवमीला बाबा सकाळीच झेंडूची फुलं आणायला रविवार कारंज्यावर गेले. मी नेहमीप्रमाणे त्यांची पेटी ओढली. एरवी ती आधी ते स्वतः उघडायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. त्या दिवशी मला पत्रिकेचं काम होतं म्हणून मी त्यांची वाट बघितली नाही. पाने काढले, कानस काढली. मायक्रोमीटरच्या खालच्या खणात तेलकट कागदाची एक लांबट पुडी होती. उघडली.

आत रॅमची पट्टी. लेबलवर कुंकवाचा सुकलेला ठिपका.

आधी मला काही कळेचना. मला वाटलं, कुठली जास्तीची असेल. मग म्हटलं, जास्तीची नव्हतीच, दोनच मागवल्या होत्या. मी आत गेले, ते वॉरंटीचं सील नखानं टराटरा फाडलं आणि मशीनचा डबा उघडला. आत दोन पट्ट्या होत्या. एकीवर कुंकू होतं. दुसरीवर नव्हतं, आणि तिचं लेबल अर्धवट खरवडलेलं होतं. तीही तेवढ्याच आकड्याची, म्हणून मोजताना बरोबर यायची. पण आजारी. दुकानात गिऱ्हाइकांनी परत केलेल्या अशा पट्ट्यांचं एक खोकंच असायचं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मी आतेभावाला दुकानात फोन लावला. म्हटलं, "माझ्या मशीनमध्ये सडकी पट्टी कुणी घातली?"

त्याचा शब्द नाही, नुसते मागचे दुकानातले आवाज.

"बोल ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"मामांना विचार," तो म्हणाला. "मी नाही म्हणत होतो. मामांनी सांगितल्यावर मी काय करणार? मला मध्ये घेऊ नको." आणि फोन ठेवून दिला. माझा सीन जड आहे म्हणताना बरा मध्ये आला होता.

बाबा आले. हातात फुलांची पिशवी. पाटावर मी पट्टी तशीच उघडी ठेवली होती. त्यांनी ती बघितली, पिशवी खाली ठेवली, चपला काढायला परत दाराशी गेले. वेळ काढत होते, मला कळत होतं.

"हे काय आहे, बाबा?"

"तुझी पट्टी."

"तुमच्या पेटीत?"

"मग काय टाकून देऊ? पूजा झालेली वस्तू."

एवढ्या शांतपणे म्हणाले! जणू मी त्यांचे आभार मानायला हवे होते, की टाकली नाही, तेलकट कागदात जपून ठेवली. मी ओरडले. काय काय बोलले ते मलाही आठवत नाही. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिला काही ठाऊक नव्हतं. बाबांचा आवाज चढला की बोलणं शहरातून त्यांच्या गावी, निफाडला जायचं, तसं ते गेलं.

"मी मशीन मोडलं नाय तुझं! चाललं ना? पत्रिका केल्यास ना त्याच्यावर? एक बेअरिंग हलकं टाकलं की मशीन लोड घेत नाय, बाकी चालतं. तेवढंच सांगितलं मी पोराला. जरा हळू कर म्हणलं. तू पुण्याला एकटी ऱ्हायली असतीस. तिकडं कोण हाय आपलं? तोंडावर नाय म्हणलो असतो तर तू भांडून गेली असतीस. लय हट्टी तू."

"मग भांडले असते! गेले असते नाहीतर नसते गेले, पण मला कळलं असतं ना कोण नको म्हणतंय! मला वाटलं, मलाच येत नाही. सहा महिने मला तेच वाटतंय, बाबा!"

आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. झालं ते बरंच झालं म्हणायचं. सणाच्या दिवशी नको." मी तिचा हात काढून टाकला. बापानं केसानं गळा कापला, ते एक झालं. पण आईचं ते 'बरंच झालं' मला जास्त लागलं, कारण तिला त्यात काही वाईट दिसतच नव्हतं.

पूजा झाली की नाही, मला माहीत नाही. मी आतल्या खोलीत होते. आजारी पट्टी काढून माझी पट्टी जागेवर बसवली आणि कोपऱ्यात टाकलेली फिल्म उघडली. छाटलेल्या फांद्या परत लावल्या, वेटोळी परत वाढवली, मशीनला कामाला लावलं. निळा पडदा काही आला नाही. मी जेवले नाही, पण ते चालत राहिलं. दुसऱ्या दिवशी दसरा. घरात सोनं द्यायला माणसं येत होती, आई मला हाका मारत होती, आणि दुपार कलताना फिल्म पूर्ण झाली. काही म्हणजे काही अडलं नाही.

पुण्याला फोन केला तो सणानंतर, हेही सांगून टाकते. जागा जूनमध्येच भरली होती. बाई आता तिथे नव्हत्या आणि जे बोलले त्यांना माझं नाव माहीत नव्हतं.

पण त्या दुपारी मी फिल्म पहिल्यांदा लावली तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. लेथ फिरायला लागलं तसे ते पुढे आले, खुर्चीच्या पाठीला धरून वाकले. कीस निघायला लागला, वर चढायला लागला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. झाड झालं, पडदा काळा झाला.

"हे माझं मशीन आहे," बाबा म्हणाले. "त्याचं हँडल झिजलेलं आहे, तेसुद्धा काढलंस तू."

मी फिल्म बंद केली.

"मला वाटलं नव्हतं गं, तुला एवढं येत असेल."

"तुम्ही बघितलंच कुठे होतं?" मी म्हटलं. "न बघताच बंद पाडलंत."

ते तसेच वाकून उभे राहिले. मग अगदी हळू, मी लहान असताना गोष्ट सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "परत एकदा लाव."

मी मॉनिटरचं बटण दाबून तो बंद केला आणि बाहेर आईच्या हाकेला गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही त्यांना ती फिल्म पुन्हा कधी दाखवली नाही.